ब्रिजटाऊनच्या कॅफेत बसून नोकरी करायची असेल तर

मराठी माणसाला ब्रिजटाऊन, म्हणजे कॅरिबियनमधल्या बार्बेडोस बेटाची राजधानी, माहीत असतं ते क्रिकेटमुळे. १९७१च्या दौऱ्यात गावसकरांनी चौथ्या कसोटीत नाबाद ११७ काढले ते इथे, आणि २९ जून २०२४ला रोहितच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला तोही इथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर. त्या फायनलपासून ओळखीतल्या निम्म्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय: "बार्बेडोसला राहून लॅपटॉपवर नोकरी करता येते म्हणे, खरं का गं?"

येते. फक्त इन्स्टावर दिसतं तशी नारळाच्या झाडाखाली नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही, वाळू कीबोर्डात जाते आणि खाऱ्या वाऱ्याने चार्जरच्या पिना गंजतात. काम होतं ते भाड्याच्या खोलीत आणि कॅफेत. त्यातलं कुठलं काम कुठे करायचं हे तुमच्या ऑफिसचं घड्याळ ठरवतं, समुद्र नाही. म्हणून लोक सुरुवात करतात तिकिटापासून, मी सांगतेय घड्याळापासून.

१. आधी घड्याळ मांडा

बार्बेडोस भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. वर्षभर तेवढंच, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगड इथे नाही. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. पुण्याचं ऑफिस साडेसहाला सुटतं तेव्हा इथे सकाळचे नऊ.

याचा अर्थ काय? तुमची टीम भारतात असेल आणि पूर्ण वेळ त्यांच्याबरोबर ऑनलाइन राहायचं असेल, तर ब्रिजटाऊन हे तुमच्यासाठी कायमच्या रात्रपाळीचं गाव आहे. कॅफे विसरा. पण दिवसातले दोन-तीन तास जुळले तरी चालत असतील, तर गणित छान बसतं. पहाटे सहा ते नऊ, म्हणजे भारतातले दुपारी साडेतीन ते साडेसहा, मीटिंगा घरून उरकायच्या आणि नऊनंतर शांत काम घेऊन कॅफेत जायचं.

सगळ्यात सुखी माणूस म्हणजे ज्याचं ऑफिस न्यूयॉर्क किंवा टोरोंटोत आहे. उन्हाळ्यात तिथली आणि इथली वेळ एकच, हिवाळ्यात इथे एक तास पुढे. माझं ऑफिस टोरोंटोचं, म्हणून मला हे जमलं. लंडनवाल्यांना हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच तासांचा फरक पडतो. तिथली सकाळी नऊची मीटिंग इथे पहाटे चार किंवा पाचला, पण दुपारी एकपर्यंत काम संपून मोकळे. पोहायची हौस असेल तर तेही वाईट नाही.

रात्री भारताशी बोलायचंच असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अंधार पडला की इथे शिट्टी मारणारे बेडूक सुरू होतात. आकार अंगठ्याच्या पेराएवढा, पण पाऊस पडून गेला की शेकड्यांनी ओरडतात आणि साध्या माइकमधून तो आवाज जसाच्या तसा पलीकडे जातो. "तुझ्याकडे अलार्म वाजतोय का?" असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. खिडकी बंद आणि तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट, याला दुसरा उपाय नाही.

२. कुठल्या नात्याने राहणार ते ठरवा

भारतीय पासपोर्टवर बार्बेडोसला पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारताना लिहितो. तो आकडा तिथल्या तिथे वाचा. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे, हे तिन्ही विचारतात.

पण पर्यटक म्हणजे पर्यटक. सुट्टीत दोन ईमेलना उत्तर देणं वेगळं आणि महिनोनमहिने तिथे बसून पगाराचं काम करणं वेगळं. लांब राहायचं असेल तर सरळ मार्ग आहे: वेलकम स्टॅम्प. कोविडच्या काळात, जुलै २०२०मध्ये बार्बेडोसने तो सुरू केला. बाहेरच्या देशातल्या कंपनीचं किंवा स्वतःच्या धंद्याचं काम तिथे राहून करायला १२ महिन्यांची परवानगी मिळते. अर्ज ऑनलाइन असतो. फी एकट्यासाठी २,००० अमेरिकी डॉलर, कुटुंबासाठी ३,०००, आणि ती परत मिळत नाही. येत्या १२ महिन्यांत किमान ५०,००० अमेरिकी डॉलर मिळतील अशी अपेक्षा आहे, किंवा स्वतःला आणि कुटुंबाला पोसण्याची ऐपत आहे, असं लिहून द्यावं लागतं. आरोग्य विमा सक्तीचा. स्थानिक कंपनीत नोकरी मात्र या स्टॅम्पवर करता येत नाही.

५०,००० डॉलर म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या वर. भारतातल्या पगारावर हे थोड्यांनाच परवडेल, आणि हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. परदेशात पगार घेणाऱ्या किंवा डॉलरमध्ये बिलं पाठवणाऱ्या मंडळींसाठी ही सोय आहे. बाकीच्यांनी सरळ सुट्टी काढून यावं, मजेत राहावं.

३. कागदपत्रांची थैली

मूळ कागद हातातल्या बॅगेत, स्कॅन ईमेलवर आणि झेरॉक्स मोठ्या बॅगेत. वेलकम स्टॅम्पसाठी आणि प्रवासासाठी मिळून हे लागतं:

- पासपोर्ट, आणि त्याच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ स्कॅन
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- जन्माचा दाखला (मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या)
- जोडीदार किंवा मुलं बरोबर असतील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले
- आरोग्य विम्याची पॉलिसी. किती दिवस आणि कुठल्या देशांत चालते ते आत वाचून घ्या, वरच्या पानावर विसंबू नका
- नोकरीचं पत्र, किंवा फ्रीलान्स असाल तर करार आणि बँकेचे उतारे
- कंपनीने बाहेरून काम करायला दिलेली लेखी परवानगी
- परतीचं किंवा पुढचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग

पासपोर्ट जिवापाड जपा. ब्रिजटाऊनमध्ये भारताचा दूतावास नाही. बार्बेडोसचं काम सूरीनामची राजधानी पॅरामॅरिबोतल्या आपल्या दूतावासाकडे आहे. पासपोर्ट हरवला तर नवा मिळवण्याचा पत्रव्यवहार समुद्रापलीकडून करावा लागतो.

निघण्याआधी बार्बेडोस सरकारचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. गूगलवर शोधलं की "सेवाशुल्क" घेणाऱ्या दलालांची पानं वर येतात, त्यांना बळी पडू नका. सरकारी पत्त्याच्या शेवटी देशाचं 'डॉट बीबी' असतं.

४. तिकीट काढताना खरी मेख: वाटेतला व्हिसा

भारतातून थेट विमान नाही. वाट लंडन, अमेरिका किंवा कॅनडावरून. "बार्बेडोसला व्हिसा नको" या आनंदात लोक तिकीट काढतात आणि मुंबईच्या काउंटरवर अडतात, कारण व्हिसा वाटेतल्या देशाला लागतो.

अमेरिकेत विमान बदलायचं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. ट्रान्झिट किंवा पर्यटक व्हिसा हवाच. कॅनडालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो फुकट आहे पण अर्ज वेळेत करावा लागतो. लंडनला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर काही अटींवर सूट आहे. आणि इथे आणखी एक खड्डा आहे. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं, पण बार्बेडोसची काही विमानं गॅटविकहून सुटतात. तसं तिकीट असेल तर तुम्हाला विमानतळाबाहेर पडून लंडन ओलांडावं लागणार, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा. स्वस्त तिकिटात विमानतळांची नावं नीट वाचा.

बार्बेडोसहून शेजारच्या त्रिनिदाद किंवा गयानाला फिरून यायचा बेत असेल तर पीतज्वराची लस भारतातूनच घेऊन पिवळं कार्ड बरोबर ठेवा. त्या देशांतून भारतात परतताना ते मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात.

५. कंपनी आणि कर

हा कंटाळवाणा भाग आहे, पण इथेच जास्त पैसे जातात.

व्यवस्थापकाचं "हो हो, जा की" पुरेसं नाही. लेखी घ्या, आणि आयटीवाल्यांना वेगळं कळवा. पुष्कळ कंपन्यांचं व्हीपीएन अनोळखी देशातून आलेलं लॉगिन आपोआप बंद करतं. मग तुम्ही कॅरिबियनमध्ये, मदतकक्ष बंगळुरूत झोपलेला, आणि दिवस वाया. अमेरिकेत एच-वन-बीवर असाल तर बाहेर राहण्याचा परिणाम कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय निघूच नका.

करांचं असं आहे: वेलकम स्टॅम्पवर राहणाऱ्याला बार्बेडोस आयकर लावत नाही. हे ऐकून उड्या मारण्याआधी भारताची बाजू बघा. परदेशी उत्पन्न सोडून तुमचं उत्पन्न वर्षाला १५ लाखांच्या वर असेल आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याच देशात करदाते नसाल, तर भारतीय नागरिकाला आपला आयकर कायदा निवासीच धरतो, मग तुम्ही वर्षभर कुठेही राहा. २०२०च्या अर्थसंकल्पाने ही तरतूद आणली ती नेमकी अशाच लोकांसाठी. तेव्हा "एनआरआय झालो, कर संपला" असं परस्पर ठरवू नका. निघण्याआधी सीएशी अर्धा तास बसा.

६. बॅगेत काय भरायचं

इथली वीज ११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि सॉकेट अमेरिकन पद्धतीचे, दोन चपट्या पट्ट्यांचे. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट घेतात, त्यामुळे नुसता पिन-अडॅप्टर पुरतो. दोन-तीन घ्या, कॅफेत विसरतातच. भारतातला मिक्सर मात्र आणू नका. २३० व्होल्टचं यंत्र इथे चटणी वाटायच्या ऐवजी नुसतं गुणगुणतं. प्रेशर कुकर जरूर आणा.

बाकी: माइक असलेला हेडसेट, मोठी पॉवर बँक, लॅपटॉपसाठी घट्ट बंद होणारी पिशवी आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, वाऱ्यात न उडणारं पातळ जॅकेट. जॅकेट कशाला ते कॅफेच्या भागात सांगते.

एक गोष्ट घरीच ठेवा: लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे. बार्बेडोसमध्ये सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे; टोपी, बॅग, लहान मुलांचे कपडे, सगळ्याला हा नियम लागू आहे.

७. उतरल्यावरचे पहिले दोन दिवस

ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळ शहराच्या पूर्वेला, क्राइस्ट चर्च परगण्यात आहे. टॅक्सीला मीटर नाही, भाडं ठरलेलं असतं, बसण्याआधी विचारा आणि "कुठले डॉलर?" हेही विचारा. हा प्रश्न पुढे महिनाभर तुमच्या तोंडात राहणार आहे. एक अमेरिकी डॉलर म्हणजे दोन बार्बेडोस डॉलर, हा दर १९७५पासून बांधलेला आहे. दोन्ही चलतात, दोन्हीचं चिन्ह एकच. खोलीच्या जाहिराती बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये, कॅफेचा मेनू बहुधा स्थानिक. सुटे परत मिळतात ते स्थानिक डॉलरमध्ये. ते बेटाबाहेर कोणी हातात धरत नाही, म्हणून एटीएममधून थोडे थोडे काढा.

सिम फ्लो किंवा डिजिसेलचं. प्रीपेड घ्यायला पासपोर्ट लागतो. घरात एका कंपनीचं इंटरनेट असेल तर फोनचं सिम दुसरीचं घ्या, म्हणजे एक पडलं तरी दुसरं चालू राहतं. भारतातलं सिम फेकू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून एक मेसेज येतो का ते तपासा.

खोली पहिल्या आठवड्यापुरतीच ठरवा. घरमालकाला तीन प्रश्न विचारा: फायबर आहे का, वीज गेली तर काय, पाण्याची टाकी आहे का. नळाचं पाणी बिनधास्त प्या, ते प्रवाळाच्या खडकातून गाळून येतं आणि चांगलं असतं.

८. कॅफे निवडणं

ब्रिजटाऊन म्हणजे पूल, केअरनेजची खाडी, संसद भवन आणि ब्रॉड स्ट्रीटची दुकानं. २०११पासून जुनं ब्रिजटाऊन आणि गॅरिसन जागतिक वारसा यादीत आहे. बघायला सुरेख. पण रोज लॅपटॉप घेऊन बसायला मी तिथे जात नाही, आणि कारण बंदरात उभं असतं. डिसेंबर ते एप्रिल मोठाली क्रूझ जहाजं लागतात. एकेका जहाजातून हजारो माणसं उतरतात आणि त्यांना पहिली गोष्ट हवी असते ती फुकटचं वायफाय. त्या दिवशी शहरातल्या कॅफेत जागा मिळत नाही आणि मिळाली तरी नेट रांगतं. जहाजांचं वेळापत्रक ऑनलाइन बघायला मिळतं. सोमवारी सकाळी आठवड्याचं बघून ठेवा, आणि शहरात जायचं ते जहाज नसलेल्या दिवशी. रविवारी ब्रॉड स्ट्रीट बंद असतो, शनिवारी दुपारनंतर ओस.

माझी पसंती दक्षिण किनाऱ्याला: हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग. शहरापासून बसने थोड्या अंतरावर. इथले कॅफे सकाळी लवकर उघडतात, गिऱ्हाईक बरंचसं रोजचं असतं, आणि काम संपलं की हेस्टिंग्ज-रॉकलीचा समुद्राकाठचा लाकडी रस्ता चालायला आहेच. वॉरन्स हा बँका आणि ऑफिसांचा भाग. दिसायला रुक्ष, पण थंड, भरवशाचं, आणि जहाजातली माणसं तिकडे फिरकत नाहीत. महत्त्वाची डेडलाइन असली की मी तिकडे जाते. पश्चिम किनाऱ्यावरचं होलटाऊन श्रीमंतांचं. कॉफी छान, बिल बघून घाम फुटतो.

कॅफे पारखायला पहिल्या दिवशी लॅपटॉप नेऊच नका. फोन घेऊन कॉफी प्यायला जा आणि एवढं बघा:

सॉकेट किती आणि कुठे. बऱ्याच ठिकाणी फक्त भिंतीकडच्या दोन टेबलांना असतो, आणि तिथे साडेसातलाच कोणीतरी बसलेलं असतं.

वायफायचा वेग, आणि तोही अपलोडचा. डाउनलोड सगळीकडे बरा असतो. व्हिडिओ मीटिंगचा गळा अपलोड दाबतो. सकाळी एकदा आणि दुपारच्या गर्दीत एकदा मोजा. काही ठिकाणी पावतीवर तासा-दोन तासांचा कोड छापून येतो, म्हणजे त्यांनी तुम्हाला किती वेळ बसावं ते सांगितलेलंच आहे.

एसीचा झोत. बंद कॅफे इतके गार ठेवतात की तासाभरात बोटं आखडतात. जॅकेट इथे लागतं. आणि तिथून गार झालेला लॅपटॉप घेऊन एकदम बाहेरच्या दमट हवेत आलात आणि लगेच उघडलात, तर त्याच्यावर दव धरतं. पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

उघड्या व्हरांड्याचे कॅफे दिसायला मोहक. पण पाऊस आडवा येतो, दहा मिनिटांत संपतो, तेवढ्यात कीबोर्ड भिजतो. शिवाय तिथे एक चोर असतो. चिमणीएवढा, मातकट रंगाचा, इथला बुलफिंच. हा पक्षी जगात फक्त बार्बेडोसमध्ये सापडतो. तुमचं लक्ष स्क्रीनमध्ये आहे हे त्याला बरोबर कळतं. तो टेबलावर उतरतो, साखरेची पुडी पायाखाली धरतो, चोचीने कोपरा फाडतो आणि आतली साखर खातो. सांडलेली साखर कीबोर्डाच्या फटीत. पुड्या झाकून ठेवा किंवा परत करा.

दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर काही महिने सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन कुजतं. २०११पासून हा त्रास सुरू झालाय. वास सडक्या अंड्यासारखा. तुमचा आवडता कॅफे अगदी पाण्याला लागून असेल तर त्या दिवसांत आतल्या रस्त्यावरचा एक पर्याय हाताशी असू द्या.

९. बसायची रीत

दारातून आत गेलात की आधी "गुड मॉर्निंग" म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग ऑर्डर. दुकान, बस, दवाखाना, कुठेही हेच. न बोलता थेट "एक कॉफी" म्हणणारा माणूस इथे उद्धट समजला जातो आणि त्याची कॉफी सावकाश येते. संध्याकाळी भेटल्यावर "गुड नाइट" म्हणतात, ते निरोपाचं नसतं, दचकू नका.

मग मालकाला किंवा काउंटरवरच्या बाईंना सरळ विचारा: लॅपटॉप घेऊन दोन-तीन तास बसलं तर चालेल का? कुठली वेळ सोडून? बहुतेक जण बारा ते दोन ही जेवणाची वेळ सांगतात. त्या वेळात उठा, मग परत या. एका कॉफीवर सकाळ काढू नका. दर दोन तासांनी काहीतरी मागवा. एकट्याने चौघांचं टेबल अडवू नका.

मीटिंग कॅफेत घेऊ नका. घ्यावीच लागली तर बाहेर जाऊन उभ्याने. आपण मराठी माणसं फोनवर बोलतो ती पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात, आणि इथे लोक कॅफेत बेताने बोलतात. कंपनीची गुप्त माहिती असेल तर तो वेगळाच प्रश्न.

बिलावर १७.५ टक्के व्हॅट असतो आणि बऱ्याच ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क. मेनूतल्या किमतीत ते धरलेत की नाही ते वाचा. सेवाशुल्क लावलेलं असेल तर वर आणखी टिप द्यायची सक्ती नाही. रोज जाणार असाल तर थोडी ठेवावी. पोहण्याच्या कपड्यात शहरात किंवा कॅफेत जाऊ नका, लोक बोलत नाहीत पण बघतात.

१०. जाणंयेणं

उबर नाही. बस उत्तम. निळ्या मोठ्या बस सरकारी, पिवळ्या मिनीबस खासगी, आणि पांढऱ्या, तांबड्या पट्ट्याच्या व्हॅनना पाटीवरून 'झेडआर' म्हणतात. भाडं साडेतीन बार्बेडोस डॉलर, अंतर कितीही. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. थांब्यावर 'टू सिटी' किंवा 'आऊट ऑफ सिटी' एवढंच लिहिलेलं असतं. शहराकडे की शहराबाहेर, बस्स. दक्षिण किनाऱ्याला ११ नंबरची झेडआर सतत धावते. आत गाणी एवढी मोठ्याने की सीट हलते. त्यात बसून "मी मीटिंगला जॉइन होतेय" असं कोणाला कळवू नका.

समुद्राकाठून चालत येणार असाल तर खोडाला लाल पट्टा रंगवलेली झाडं लक्षात ठेवा. ती मँचिनीलची, विषारी. फळ हिरव्या सफरचंदासारखं दिसतं. खायचं नाहीच, पण पावसात त्या झाडाखाली उभंही राहायचं नाही, गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते.

११. पोटाचं काय

मासे खाणाऱ्याला स्वर्ग. कू-कू आणि फ्लाइंग फिश हे राष्ट्रीय जेवण. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी शिजवून घोटलेला गोळा, आपल्याकडच्या उकडीच्या जवळचा. कामाच्या दिवशी हातात धरून खायला 'ब्रेड अँड टू': गोल पाव आणि आत दोन फिशकेक.

शाकाहारी असाल तर सावध. 'राइस अँड पीज' निरागस दिसतो, पण पुष्कळदा तो खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका. भरवशाचं काय? मॅकरोनी पाय, भाजलेलं ब्रेडफ्रूट, आणि त्रिनिदादी पद्धतीची चणा-बटाट्याची रोटी. दालपुरी रोटीत डाळीचं पुरण असतं, तिखट. ती खाल्ली की दुपार निभते. डाळ-तांदूळ सुपरमार्केटात मिळतात. हिंग आणि गोडा मसाला घरून, सीलबंद पाकिटात. कढीपत्ता, ताजी फळं, बिया आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

१२. वादळाचे महिने

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. भाडी स्वस्त होतात ती त्यामुळेच. बार्बेडोस बेटांच्या माळेच्या पूर्वेला एकटं पडलेलं असल्याने बरीच वादळं बाजूने जातात, पण सगळी नाही. जुलै २०२१मध्ये एल्साने छपरं उडवली; १९५५च्या जॅनेटनंतर बेटावर आलेलं हरिकेनच्या ताकदीचं ते पहिलंच वादळ. २०२४मध्ये बेरिल आलं तेव्हा मच्छीमारांच्या होड्यांचं फार नुकसान झालं, विमानतळ बंद राहिला आणि विश्वचषक जिंकलेला आपला संघही हॉटेलात अडकला. तो दिल्लीला उतरला ४ जुलैला. जगज्जेत्यांना विमान मिळत नाही तिथे तुम्हालाही मिळणार नाही, हे गृहीत धरा.

विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेल्या विम्यात ते वादळ बसत नाही. तिकीट बदलता येणारं असू द्या. इशारा आला की त्याच दिवशी व्यवस्थापकाला लिहून कळवा: दोन-तीन दिवस संपर्क तुटू शकतो, अमुक काम अमक्याकडे दिलंय. फायली लॅपटॉपवर उतरवून घ्या, सगळी चार्जिंगं शंभर टक्के, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, रोख स्थानिक पैसे जवळ, आणि कागदपत्रांची थैली प्लॅस्टिकच्या पिशवीत. कॅफे आदल्या दुपारीच फळ्या ठोकून बंद होतात, तेव्हा तिथे बसून शेवटची मीटिंग उरकायचा बेत नको.

फोनमध्ये आजच साठवून ठेवा: पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११.